गणपतीची भिंत

बसा.

खुर्ची नको. माजघराच्या जमिनीवरच बसा, पाट असेल तर पाटावर. चपला बाहेर खळ्यात राहिल्या आहेत. मोजायची टेप, वही, फोन, सगळं ओटीवर राहू दे.

समोर एक भिंत आहे. आज तिच्याकडे बघायचं आहे. बाकी काही नाही.

घर सिंधुदुर्गातलं आहे. पुढे खळं आणि तुळस, मग पडवी, ओटी, हे माजघर. मागे स्वयंपाकघर. एका अंगाला मांगर, त्यापलीकडे गोठा. गोठ्यात आता गुरं नाहीत. वर्षातले बरेच महिने दाराला कुलूप असतं. आता हे घर नीट करायचं, म्हणून तुम्ही आला आहात. मनात यादी तयार आहे: गळती, वायरिंग, एक चांगली न्हाणी, राहायला येणाऱ्यांसाठी खोली, रंग, पडदे, दिवे.

यादी चुकीची नाही. फक्त थोडा वेळ तिला थांबू दे.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

वास येतो आहे. जुन्या धुराचा, शेणाच्या सारवणाचा, माळ्यावर कधीकाळी साठवलेल्या भाताचा. कुठून तरी ओलीचाही. चांगला वाईट असं काही ठरवू नका. वास येऊ दे, जाऊ दे.

बाहेर मे महिन्याची दुपार आहे. खळ्यात पाऊल ठेववत नाही. आत गार आहे.

हा गारवा कुठून येतो? उत्तर शोधू नका. गारवा अंगाला लागू दे.

*

आता बसल्याबसल्या पुढे सरका. उजवा तळवा भिंतीवर ठेवा.

सगळा तळवा. बोटं पसरून.

आधी चुन्याची पूड हाताला लागेल. लागू दे. मग थंडपणा. मग, थोड्या वेळाने, एक खरखर.

भिंत दीड फुटाहून जाड आहे. पलीकडे ऊन आहे, अलीकडे तुमचा हात. सकाळपासून तापलेली बाहेरची बाजू अजून आतपर्यंत पोचलेली नाही. पोचेल तेव्हा संध्याकाळ झालेली असेल आणि बाहेर वारा सुटलेला असेल.

हात तसाच राहू दे.

कोपऱ्याजवळ चुन्याचा एक पापुद्रा पडला आहे. तिथे आतला दगड दिसतो. जांभा. तांबूस, कुठे पिवळा, कुठे जवळजवळ काळा. त्याला भोकं आहेत, बारीक, वाकडीतिकडी, एकमेकांत शिरलेली. एका भोकावर बोट ठेवा. 

या दगडात लोह आहे, म्हणून तो तांबडा. खाणीतून काढला तेव्हा तो नरम होता. कुऱ्हाडीसारख्या हत्याराने माणसांनी त्याचे चिरे तासले. मग हवा लागली, ऊन लागलं, आणि तो कडक होत गेला. या भिंतीतला प्रत्येक चिरा कुणाच्या तरी हाताने तासलेला आहे. घाव अजून दिसतात. तिरपे, ओळीने, एका लयीत.

त्या घावांवरून बोट फिरवा. एक. पुढचा. त्याच्या पुढचा.

हाच दगड बाहेर सड्यावर मैलोन्‌मैल उघडा पडलेला आहे. त्याच सड्यांवर कुणी तरी फार पूर्वी मासे, हत्ती, माणसं कोरून ठेवली. कोकणातली ती कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोरणारे कोण होते, त्यांची नावं आपल्याजवळ नाहीत. हा चिरा तासणाऱ्याचंही नाव आपल्याजवळ नाही.

त्याचा घाव तुमच्या बोटाखाली आहे.

थांबा इथे. दोन श्वास.

*

आता पापुद्र्याची कड बघा. अगदी जवळून.

थर आहेत. वरचा पांढरा. त्याखाली फिकट निळा, नीळ घातलेल्या चुन्याचा. त्याखाली पुन्हा पांढरा. मग हिरवट. मग एक पिवळा. मग कावेचा तांबडा, नखाएवढा. 

ही गणपतीची भिंत आहे.

चतुर्थी आली की हिला चुना लागतो. घरातलं कुणी तरी, बहुधा चित्र बरं काढणारं एखादं पोर, हिच्यावर रंग घेऊन बसतं. कमळं, मोर, वेली, महिरप, कधी डोंगरामागचा सूर्य. मग या चित्रांपुढे मूर्ती बसते. सण होतो. वर्षभर चित्र धुराने काळवंडतं. पुढच्या चतुर्थीला त्याच्यावर पुन्हा चुना.

एकेक थर म्हणजे एकेक वर्ष.

वर बघा. डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली आहे. ही माटवी. आत्ता रिकामी आहे. भाद्रपदात हिला नारळ, सुपाऱ्यांचा घड, काकड्या, कवंडळं, आंब्याचे टाळे, रानातली फुलं बांधतात. जे त्या दिवसांत रानात आणि परसात पिकतं, ते सगळं. खाली गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात. या घराची सजावट ही अशी आहे: काही दिवसांची, ओली, हिरवी, आणि मग उतरवून ठेवायची.

रिकाम्या चौकटीकडे थोडा वेळ बघा. काही टांगायची घाई नको.

पुन्हा भिंतीकडे या.

हा चुना समुद्रातून आला असेल. कोकणात चुनखडीचे डोंगर नाहीत, म्हणून किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. शिंपला ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापला की कळीचा चुना होतो. पाण्यात टाकला की तो उकळतो, फुटतो, विझतो. मग भिजत पडतो, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. वाळूबरोबर मळून भिंतीवर चढला की त्याचं दुसरं काम सुरू होतं. तो हवा घेतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत ओढतो आणि पुन्हा जे शिंपल्यात होतं तेच होतो. याला महिने लागतात. आतल्या थरांना वर्षं.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हातापायांचे म्हणून जे ठसे जपले आहेत, ते चुन्यातच उमटलेले आहेत. त्या किल्ल्याचा पाया १६६४ साली घातला गेला.

मऊ असताना चुना हात लक्षात ठेवतो. मग दगड होतो.

तुमचा तळवा अजून भिंतीवर आहे का? असू दे.

*

नजर आता खाली जाऊ दे. अगदी खाली, जमिनीपाशी.

तिथे एक पट्टी आहे, हातभर उंचीची. राखाडी, गुळगुळीत. ओल येते म्हणून कुणी तरी मागे सिमेंटचा गिलावा करून घेतलेला. मनापासून केलेला, घराच्या काळजीने केलेला.

पट्टीच्या वरची भिंत बघा. पोपडे आले आहेत. पांढरी, मिठासारखी बुरशीवजा पूड फुलली आहे. बोटाला लावा. ही बुरशी नाही, क्षार आहेत.

काय झालं असेल, ते भिंतच सांगते आहे. नीट ऐका.

जमिनीतली ओल जांभ्यात चढते. पूर्वीही चढत होती. भोकाभोकांच्या दगडातून, मातीच्या दर्जांतून, चुन्यातून ती हळूच बाहेर पडायची आणि वाऱ्यावर उडून जायची. माठाचं पाणी माठाच्या अंगातून उडतं आणि आतलं पाणी गार होतं, तशी ही भिंत ओल सोडून गार राहायची. सिमेंटने तिची ती वाट बंद केली. ओल गेली नाही. ती पट्टीच्या मागून वर चढली, आणि जिथे मोकळा चुना सापडला, तिथे बाहेर आली. येताना क्षार घेऊन आली.

या भिंतीला श्वास लागतो.

तुम्हीही श्वास घ्या. सोडा. सोडलेल्या श्वासातही ओल आहे. तळव्यातून थोडा घाम भिंतीत जातो आहे.

मला वाटतं, जुन्या घराची दुरुस्ती इथे सुरू होते. रंगाच्या दुकानात नाही. ओल कुठून येते आणि तिला कुठून जायचं आहे, हे शांतपणे बघण्यात. पट्टी काढावी लागेल, छिन्नीने, जपून, दगड दुखावणार नाही अशी. तिथे पुन्हा चुनाच लागेल. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल, आणि तो सहज मिळणार नाही. पण ते पुढचं.

आत्ता फक्त पट्टी बघा. आणि तिच्यावरची पांढरी पूड.

*

भिंतीवर उजेडाचा एक तुकडा पडला आहे. तुम्ही बसलात तेव्हा तो खुंटीपाशी होता. आता कोनाड्याकडे सरकला आहे.

त्याच्या मागोमाग वर जा.

छपरात एक काचेचं कौल आहे. एकच. बाकी सगळी मातीची, तांबडी, धुराने काळी झालेली. काचेच्या कौलातून उजेडाचा खांब तिरका खाली उतरतो. त्यात धूळ तरंगते आहे.

धुळीचा एक कण निवडा. दिसेल तितका वेळ त्याच्याबरोबर राहा.

हरवला? दुसरा निवडा.

कौलांच्या मधल्या फटींतून बारीक आभाळ दिसतं. टाचणीएवढं. गरम हवा वर जाते आणि त्या फटींतून निघून जाते. वर पीओपीचं सीलिंग मारलं तर हे आभाळ दिसणार नाही आणि हवा तिथेच कोंडेल. मला ते सीलिंग या घरात नको वाटतं. वाशांचा रंग बघा. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक असतं. इतक्या चुली, इतकी वर्षं, आणि आता ते गडद काजळी तपकिरी आहे. हा रंग डब्यात मिळत नाही.

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. त्याआधी इथल्या छपरांवर कुंभाराचे नळे असायचे, नाही तर गवत. हे कौल आलं, एकमेकांत अडकणारं, हलकं, आणि कोकणाने ते आपलंसं केलं. म्हणजे ज्याला आपण जुनं म्हणतो, तेही एका पिढीला नवं होतं. तेव्हाही कुणी तरी असंच माजघरात बसून वर बघितलं असेल.

कौल उलटं केलं तर पाठीवर कारखान्याचं नाव आणि शिक्का सापडतो. ते बघायचं असेल, पण आत्ता उठू नका. 

इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला बहुतेक चारच महिन्यांत. म्हणून पाखं इतकं उतरतं. म्हणून पडवी इतकी खाली, की आत येताना तुम्हाला मान लववावी लागली. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात, एवढ्यासाठी ती खाली आहे. ती उंच करून घ्यावी असं मनात येतं. थोडा वेळ थांबून बघितलं की कळतं, पडवी भिंतीला राखते आहे.

दगड ओलीला जागा देतो. चुना तिला बाहेर सोडतो. छप्पर पावसाला लांब टाकतं. पडवी झड अंगावर घेते.

सगळे जण काम करत आहेत. आत्ता, या क्षणीसुद्धा.

*

डोळे मिटा.

काय ऐकू येतं? रिपांवर पाल सरकते. लांब कुठे तरी पंप चालू आहे. आंब्यावर कावळा. घराच्या आत, मात्र, आणखी काहीही नाही.

आता पाऊस आणा. मनातच. मृगाचा पहिला. 

कौलांवर थेंब. एक, दोन, मग मोजता येत नाहीत. कौलांवरचा पाऊस जाडसर, बुजलेला वाजतो. पत्र्यावरचा कर्कश. गावातल्या बऱ्याच घरांवर आता कौलं काढून किंवा कौलांच्या वरून पत्र्याची शेड आली आहे. कारणं खरी आहेत: माकडं कौलं फोडतात, दरवर्षी कौलं परतायला माणसं मिळत नाहीत. ज्यांनी शेड घातली त्यांना बोल लावायचा नाही. तुम्ही फक्त तो आवाज ऐका आणि विचारा, मला कोणत्या आवाजाखाली झोपायचं आहे?

पाऊस पडू दे. 

एका जागी टप टप होतं आहे. कुठे? डोळे न उघडता सांगा. देवघराच्या दाराशी. तिथलं कौल फुटलं आहे किंवा सरकलं आहे.

माझी एकच विनंती आहे. जमलं, तर भिंतीला हात लावण्याआधी एक पूर्ण पावसाळा हे घर बघा. आषाढात बघा. श्रावणात बघा. कुठली भिंत कधी ओली होते, कुठली लगेच सुकते, पाणी खळ्यातून कसं वाहतं, कुठे तुंबतं. कागदावरच्या नकाशात हे नसतं. त्या चार महिन्यांत घर जे सांगतं, ते नंतरच्या कितीतरी चुकांपासून वाचवतं.

डोळे उघडा. सावकाश.

*

खुंटीकडे बघा. भिंत बांधतानाच दगडांत रोवलेली, हातांच्या तेलाने चकाकणारी. तिच्यावर काय काय लोंबलं असेल. कंदील, इरली, धोतर, शाळेची पिशवी, बाळंतिणीचा शेक द्यायचं फडकं.

कोनाड्याकडे बघा. आत काजळीचा एक उभा डाग. समई नाही, तेलाची चिमणी ठेवत असतील. त्यात आता विजेचा एक छोटा पिवळा दिवा ठेवला, तर उजेड तिथूनच येईल जिथून येत होता. हे मनात आलं, छान. राहू दे.

वायर कुठून न्याल? भिंतीवरून तुमची नजर वाशाकडे जाऊ दे, वाशावरून तुळईकडे, तुळईवरून खांबाकडे. लाकडाच्या कडेने वायर जाईल. उघडी, सरळ, दिसणारी. कन्सील्ड वायरिंगसाठी या चिऱ्यांत खाचा पाडण्यापेक्षा ती दिसलेली बरी.

आणि न्हाणी? पूर्वीच्यांनी ती घराच्या पोटात घेतली नव्हती. मागच्या दाराबाहेर, चार पावलांवर. नवी न्हाणी आणि संडासही तिथेच, वेगळ्या भिंतींचे, नव्या पद्धतीचे, म्हाताऱ्या माणसाला रात्री सोपे जातील असे, वर छप्पर असलेल्या वाटेने जोडलेले. तिथे सिमेंट असू दे, टाइल्स असू दे. ओलीचं काम ओलीच्या जागी. या भिंतीतून पाण्याची पाइप न्यायची नाही, एवढंच.

बाजूच्या भिंतीवर लक्ष्मीची तसबीर आहे. वरून पुढे झुकलेली, जमिनीवर बसलेल्याला नीट दिसावी म्हणून. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली असावी, मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या. काच धुरकट झाली आहे. काच पुसा. चौकट तीच असू दे. झुकावही तोच असू दे, कारण या घरात माणसं अजून खाली बसणार आहेत.

मांगरात जातं आहे, कणगी आहे, तांब्याचा हंडा आहे, मोडका झोपाळा आहे. त्यांना शोभेला कोपऱ्यात उभं करावंसं वाटेल. प्रत्येकाजवळ आधी क्षणभर बसा. हंडा पाणी तापवू शकतो. झोपाळ्याच्या कड्या शाबूत आहेत. वाळवी न लागलेल्या फळ्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं की तो पुन्हा माणूस झेलेल. वस्तू वापरात राहिली, की ती घराची राहते.

*

पुन्हा भिंतीकडे. शेवटचं.

तिच्यावर डाव्या हाताला, दाराच्या चौकटीपाशी, कोळशाच्या रेघा आहेत. चार उभ्या, एक आडवी. पुन्हा चार उभ्या. भाताच्या पोत्यांचा हिशोब असेल, नारळांचा असेल. प्रत्येक चतुर्थीला चुना लावणाऱ्याने एवढी जागा सोडली आहे. त्याला कुणी सांगितलं असेल? की त्याने स्वतःच ठरवलं?

तुम्हीही ती सोडाल. हे आत्ता ठरलं.

हे घर एकट्या तुमचं नसेलही. सातबारावर, घरपट्टीवर काका आहेत, आत्या आहेत, मुंबई-पुण्यातली चुलत भावंडं आहेत. चतुर्थीला ती सगळी येतील. याच जमिनीवर चटया पसरून झोपतील. त्यांचे चेहरे एकेक करून समोर आणा. सगळ्यात म्हातारं कोण? सगळ्यात लहान कोण? या भिंतीवर यंदा चित्र कोण काढेल?

त्या मुलाचा किंवा मुलीचा हात डोळ्यांसमोर आणा. रंगाने माखलेला.

श्वास घ्या. सोडा.

तळवा आता भिंतीवरून काढा. हाताला पांढरी पूड आहे. झटकलीत तरी चालेल.

खळ्यात पावलं वाजतात. गवंडी आला आहे. ओटीवर टेकतो, तांब्यातलं पाणी पितो, गूळ खातो आणि आत डोकावून विचारतो, "काय तां ठरलां? खंयसून सुरवात करूया?"

कौलांपासून, म्हणून सांगा. मृगाआधी वरची फुटकी कौलं बदलून घेऊ, देवघराच्या दाराशी आधी. भिंतीला दिवाळीनंतर. मग त्याला आत बोलवा, खालची सिमेंटची पट्टी दाखवा, आणि चुना विझवून भिजत घालायला किती दिवस आधी सुरुवात करावी लागेल, ते विचारून घ्या.